छातीच्या स्कॅनमध्ये दडलेली हृदयाची वार्ता

खोकला हटेना, न्यूमोनियाचा संशय आला किंवा फुप्फुसात गाठ दिसली, की डॉक्टर छातीचा सीटी स्कॅन करावयास सांगतात. अहवाल येतो तो प्रामुख्याने फुप्फुसांचा. त्याच चित्रात हृदयही असते, ह्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतींत वर्षानुवर्षे मेदाचे थर साचतात व कालांतराने त्यांत कॅल्शियम जमते. स्कॅनमध्ये ते हाडासारखे पांढरे दिसते आणि छातीत पहिली कळ येण्याच्या कितीतरी आधी दिसू शकते. १९९० साली अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ आर्थर ॲगॅटस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या कॅल्शियमच्या मोजमापाची पद्धत मांडली. शून्य गुणांक म्हणजे कॅल्शियम आढळले नाही. तो १०० च्या पुढे गेल्यास औषधोपचाराचा विचार गांभीर्याने केला जातो.

अशा मोजणीसाठी हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून घेतलेला खास स्कॅन लागतो. साध्या स्कॅनमध्ये धडधडत्या हृदयाचे चित्र पुसट उमटते. असे असूनही साध्या स्कॅनच्या अहवालातही कॅल्शियमची नोंद व्हावी, अशी शिफारस अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संस्थांनी २०१६ साली केली. परंतु शेकडो छेदचित्रांतून पांढरे ठिपके वेचून मोजण्यास क्ष-किरणतज्ज्ञांना सवड कोठून मिळणार? हे किचकट काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. तज्ज्ञांनी खुणा केलेल्या चित्रांवरून ती शिकते व जुने स्कॅनही अल्पावधीत चाळून काढते.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ह्याविषयीचा प्रयोग आम्हांस विशेष बोलका वाटतो. ज्यांना हृदयविकाराचे निदान झालेले नव्हते व जे कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन औषधे घेत नव्हते, अशांचे जुने स्कॅन यंत्राने तपासले. आढळलेल्या कॅल्शियमची खातरजमा क्ष-किरणतज्ज्ञाने केली. मग १७३ जणांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटातील रुग्णांना व त्यांच्या डॉक्टरांना ही गोष्ट कळविली. दुसऱ्या गटाची नेहमीची वैद्यकीय देखभाल तशीच चालू राहिली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ५१.२ टक्के रुग्णांना स्टॅटिन लिहून दिले गेले. दुसऱ्या गटात हे प्रमाण अवघे ६.९ टक्के होते. माहिती दोन्ही गटांच्या स्कॅनमध्ये होतीच. फरक पडला तो कळविण्याने. यंत्राने हेरले आणि कोणी सांगितलेच नाही, तर त्या हेरण्याचा रुग्णाला काय उपयोग?

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. शून्य गुणांक म्हणजे निर्धोक हृदय नव्हे, कारण कॅल्शियम न साचलेले मऊ थर ह्या मोजणीत येत नाहीत. उलट, कॅल्शियम दिसले म्हणून लगेच अँजिओग्राफीसाठी धावण्याचेही कारण नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान हे सारे पाहून डॉक्टर निर्णय घेतात. धाप लागत असेल वा छातीत दुखत असेल, तर मात्र जुन्या स्कॅनची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. केवळ कुतूहलापोटी छातीचा स्कॅन करून घेणेही योग्य नाही, कारण त्यात क्ष-किरणांचा मारा होतोच.

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात जुन्या स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी पडून असतात. पुढील भेटीत त्या सोबत न्याव्यात आणि रोहिण्यांत कॅल्शियम दिसते का, असे डॉक्टरांना विचारावे. त्यासाठी प्रत्येक वेळी यंत्रच हवे असे नाही. ठळक साठा अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञाच्या नुसत्या नजरेलाही दिसतो.