विश्लेषण : ज्या संघाला वाचवले, त्यानेच पेरेझला नारळ का दिला?

फॉर्म्युला वनमध्ये २०२६ च्या हंगामापासून कॅडिलॅक हा अकरावा संघ आला आणि शर्यतपटूंच्या जागा २० वरून २२ झाल्या. त्यातील एक जागा मेक्सिकोच्या सर्जिओ पेरेझला मिळाली. त्याआधी दोनदा, हातात करार असूनही त्याला जागा सोडावी लागली होती. त्यातला पहिला संघ एकेकाळी भारताचे नाव मिरवत होता.

फोर्स इंडिया अडचणीत का आला?

विजय मल्या यांनी डच भागीदारासह स्पायकर संघ घेतला आणि २००८ पासून तो ‘फोर्स इंडिया’ नावाने धावू लागला. कारखाना मात्र इंग्लंडमध्ये, सिल्व्हरस्टोनलाच राहिला. २०११ मध्ये सहारा समूहाने ४२.५ टक्के हिस्सा घेतला. पुढे दोन्ही मालक भारतात आर्थिक व न्यायालयीन प्रकरणांत अडकले. तरीही २०१६ आणि २०१७ मध्ये संघ चौथा आला. २०१७ मध्ये बीडब्ल्यूटी ही ऑस्ट्रियाची जलशुद्धीकरण कंपनी प्रायोजक झाली आणि गाड्या गुलाबी झाल्या. पण तेवढ्याने तूट भरून निघाली नाही.

सहकारीच प्रतिस्पर्धी कसे?

एकाच संघाच्या दोन शर्यतपटूंकडे सारखीच गाडी असते. त्यामुळे थेट तुलना सहकाऱ्याशीच होते आणि पुढचा करारही त्यावर ठरतो. २०१७ मध्ये पेरेझ आणि एस्तेबान ओकॉन यांच्या गाड्या बाकूत एकमेकींवर आदळल्या, बेल्जियममध्येही भिडल्या. अखेर संघाला दोघांवर बंधने घालावी लागली.

पेरेझ न्यायालयात का गेला?

जुलै २०१८ पर्यंत पेरेझचेही मानधन थकले होते. दुसऱ्या एका देणेकऱ्याच्या अर्जावर कंपनी कायमची बंद होण्याची भीती होती. तसे झाले असते तर मालमत्ता विकून टाळे लागले असते. पेरेझच्या अर्जावर लंडनच्या उच्च न्यायालयाने संघावर प्रशासक नेमले. त्यामुळे संघ चालू ठेवून नवा मालक शोधता आला. सुमारे ४०० जणांच्या नोकऱ्या वाचल्या.

गुण शून्यावर का आले?

कॅनडाचे उद्योगपती लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने कंपनी न घेता तिची मालमत्ता घेतली. नियमानुसार तो नवा संघ ठरला आणि आधीचे ५९ गुण गेले. बेल्जियमच्या पहिल्याच शर्यतीत पेरेझ पाचवा, ओकॉन सहावा आला. उरलेल्या हंगामात ५२ गुण मिळवून संघ सातवा राहिला.

मग पेरेझची जागा कशी गेली?

मालक बदलले तशी गणितेही बदलली. २०१९ मध्ये ओकॉनच्या जागी स्ट्रोल यांचा मुलगा लान्स आला. पेरेझशी २०२२ पर्यंतचा करार झाला. पण चार वेळचा विजेता सेबॅस्टियन व्हेटेल फेरारीतून मोकळा होताच संघाने त्याला पसंती दिली. सप्टेंबर २०२० मध्ये पेरेझ जाणार हे जाहीर झाले. डिसेंबरमध्ये साखिरच्या शर्यतीत तो पहिल्याच फेरीत शेवटच्या स्थानावर फेकला गेला आणि तरीही जिंकला. कारकिर्दीतील १९० व्या शर्यतीतला तो पहिला विजय होता. २०२१ मध्ये हाच संघ अ‍ॅस्टन मार्टिन झाला, गुलाबी रंग जाऊन हिरवा आला. पुढच्या वर्षी बीडब्ल्यूटी गुलाबी रंगासह अल्पीनकडे गेली.

करार असूनही जागा का जाते?

मोबदला देऊन करार मुदतीआधी संपवता येतो. साखिरनंतर रेड बुलने पेरेझला घेतले. २०२३ मध्ये तो विजेतेपदाच्या शर्यतीत दुसरा आला. २०२४ मध्ये करार २०२६ पर्यंत वाढला, कामगिरी घसरली आणि त्याच डिसेंबरमध्ये तो बाहेर पडला. कॅडिलॅकने त्याच्यासोबत व्हॉल्टेरी बोटासला घेतले आहे. दोघांच्या नावावर मिळून १६ विजय आहेत. फेरारीचे इंजिन घेऊन सुरुवात करणाऱ्या नवख्या संघाला सध्या अनुभव हवा आहे. ती गरज असेपर्यंत पेरेझची जागा पक्की.