घरोघरच्या व्हीसीडी : धंदा संपला, काम उरले आहे

संगमेश्वरच्या बाजारात फोटोच्या किंवा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ बसले, की एखादे गिऱ्हाईक प्लॅस्टिकच्या पिशवीतून चकचकीत तबकडी काढताना दिसते. "ही कुठे लागेल का हो?" बहुधा ती निकाहची व्हीसीडी असते, २००० सालानंतरच्या पाच-सात वर्षांतली. घरातला प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला. तबकडीत मात्र आज हयात नसलेले वालिद आहेत, कुवेतहून रजेवर आलेला भाऊ आहे, अंगणातला मांडव आहे. "आता त्याचा जमाना गेला," असे म्हणून दुकानदार मान हलवतो आणि गिऱ्हाईक परत जाते.

आमच्या मते इथे दुकानदार चुकतो. जमाना गेला हे खरे, काम मात्र गेलेले नाही. ते कोणते काम हे समजायला व्हीसीडी ही काय चीज होती, लोकांनी तिला का उचलून धरले आणि तिच्यात खोट कुठे होती, हे आधी पाहिले पाहिजे.

कोकणातल्या पुष्कळ मुस्लिम घरांत व्हीसीआर आला तो आखातातून. दुबई, कुवेत, सौदीला गेलेला माणूस सुटीवर येताना इतर सामानाबरोबर तो घेऊन येई. पण कॅसेटला इथला पाऊस मानवला नाही. शास्त्री आणि सोनवी यांच्या संगमावरचे हे गाव. पावसाळ्याचे चार महिने कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरे, ती मशीनच्या हेडला लागे, आणि त्याच मशीनमध्ये घातलेली दुसरी चांगली कॅसेटही खराब होई. फीत अडकून तुटली तर ती सोडवत बसणे हा वेगळाच उद्योग.

त्यामुळे फीत नसलेली तबकडी हाती आली तेव्हा लोकांना ती नेमत वाटली. तबकडीवर चित्र साठवण्याची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत १९७८ साली लेझरडिस्क विक्रीला आली होती. तिचे चित्र कॅसेटपेक्षा सरस होते, पण ती जेवणाच्या ताटाएवढी, ३० सेंटिमीटर व्यासाची, महाग, आणि घरी तिच्यावर काही भरता येत नसे. आपल्याकडच्या सामान्य घरांत ती पोहोचलीच नाही. व्हीसीडीचे मानक फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी मिळून १९९३ साली ठरवले. गाण्यांची जी १२ सेंटिमीटरची सीडी बाजारात होती तीच तबकडी घेऊन तिच्यावर चित्रपट बसवायचा, एवढीच युक्ती.

पण चित्रपट त्या सीडीवर मावणार कसा? इथे व्यापारी बंधूंना ओळखीचे उदाहरण देतो. दुकानदार रोज रात्री सगळा माल नव्याने मोजत नाही. आज काय आले आणि काय गेले तेवढेच लिहितो. व्हीसीडीतही दर चित्र पूर्ण लिहिलेले नसते. मधून मधून एक पूर्ण चित्र आणि त्यानंतर फक्त बदललेला भाग. मौलवीसाहेब स्थिर बसून खुत्बा देत असतील तर लिहिण्यासारखे थोडेच असते, म्हणून चित्र छान दिसते. वरातीत फटाके उडाले, माणसे धावली, की लिहायचे फार आणि जागा तेवढीच. मग पडद्यावर चौकोनी ठोकळे दिसू लागतात. आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे असते. नंतर आलेल्या डीव्हीडीचे ७२० गुणिले ५७६, म्हणजे चौपट.

दुसरी अडचण वेळेची. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटे, फार तर ८०. हिंदी चित्रपटाला दोन तबकड्या, लांबलचक असेल तर तीन. ऐन रंगात आलेल्या प्रसंगी उठून तबकडी बदलायची. डीव्हीडीसारखी चालू-बंद करता येणारी अक्षरे नाहीत, भाषा निवडायची फारशी सोय नाही.

तरीही ती चालली आणि जोरात चालली, कारण स्वस्ताई. तबकडी छापायला फार थोडा खर्च, नक्कल रोखणारे कुलूप तिच्यात नाही, आणि प्लेअरची रचना सोपी. कॅसेटप्रमाणे पुन्हा मागे गुंडाळायची गरज नाही. हवे ते गाणे बटन दाबले की हजर. चीनमध्ये हेफेई शहरातल्या वानयान कंपनीने १९९३ साली घरगुती व्हीसीडी प्लेअर काढला. तिने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले नाही. बघता बघता इतर कारखान्यांनी तसेच यंत्र काढले, किमती कोसळल्या आणि बाजार उभा करणारी मूळ कंपनीच बाजूला पडली. तिचे नुकसान झाले, पण आपल्यासारख्या देशांतल्या गिऱ्हाइकाला त्यामुळेच प्लेअर परवडला.

आपल्या कारागिरांनीही त्यात हात घातला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळणारे व्हीसीडीचे कार्ड आणून गाण्यांच्या जुन्या सीडी प्लेअरमध्ये बसवायचे आणि पिवळी वायर टीव्हीला जोडून द्यायची, हे काम करणारे रेडिओ मेकॅनिक अनेकांना आठवत असतील. मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला. पुढे मालेगावचे विनोदी चित्रपट व्हीसीडीवर गावोगाव विकले गेले. रत्नागिरी जिल्ह्यात नमन-जाखडीच्या व्हीसीडी निघाल्या, आपल्या वस्त्यांत हजच्या अरकानांच्या आणि नातच्या. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता गावातला माणूस आपली चीज विकू शकत होता, हा या तबकडीचा मोठा गुण.

तोच तिचा घातही ठरला. कुलूप नसल्याने चोरट्या प्रतींनी बाजार भरला. त्या विकणाऱ्यांत आपलेही काही तरुण होते, हे लपवण्यात अर्थ नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये अशा नकलेसाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. दुसऱ्याच्या मेहनतीचा माल परवानगीशिवाय विकून आलेल्या पैशाविषयी शरियत काय म्हणते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. २००७ साली मोझर बेअर कंपनीने अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. फरक सहा रुपयांचा राहिला, तेव्हा व्हीसीडी घेण्याचे कारणच संपले. पुढे पेन ड्राइव्ह आणि मोबाईलने दोघींनाही बाजूला सारले, आणि २०१८ मध्ये खुद्द मोझर बेअर दिवाळखोरीत जाऊन अवसायनात निघाली.

चित्रपट गेले तर गेले, ते दुसरीकडे मिळतात. लग्नाची तबकडी दुसरीकडे मिळत नाही. शिवाय दोहोंत एक फरक आहे. दुकानातली चित्रपटाची व्हीसीडी कारखान्यात साच्याने दाबलेली असते. फोटोग्राफरने दिलेली लग्नाची व्हीसीडी कोऱ्या सीडीवर लेझरने भरलेली असते, आणि तिच्यातला मजकूर एका रंगाच्या थरात असतो. ऊन, उष्णता आणि ओलावा यांनी तो थर हळूहळू बिघडतो. त्यातून व्हीसीडीत जागा वाचवण्यासाठी चुका दुरुस्त करणाऱ्या खुणांचा एक पदर मुळातच काढून टाकलेला असतो, त्यामुळे सुमारे १३ टक्के जागा जास्त मिळते. हिशेबाच्या वहीची दुसरी प्रत न ठेवण्यासारखे हे आहे. पान फाटले की हिशेब गेला. कॉम्प्युटरच्या सीडीने सहन केलेला ओरखडा व्हीसीडीला अडकवतो तो यामुळे.

आणखी एक गैरसमज. खालची चकचकीत बाजू जपली की झाले, असे लोक समजतात. वास्तविक मजकुराचा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला अगदी लागून असतो. आमच्या घरातल्या एका निकाहच्या तबकडीवर आम्हीच हौसेने बॉलपेनने नावे आणि तारीख लिहिली होती. नेमकी तिथेच ती अडकते. कागदी लेबल चिकटवले असेल तर ओढून काढू नये, थर सोबत निघून येतो.

दुकानदाराने करायचे काम अवघड नाही. तबकडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. थिनर, पेट्रोल लावू नये. कॉम्प्युटरला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह अजून मिळतो. तबकडी उघडली की एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट प्रकारची मोठी फाईल असते. ती हार्ड डिस्कवर उतरवावी. व्हीएलसीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती चालते. अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये कमी वेगाने वाचून पाहावे. एका यंत्राने नाकारलेली तबकडी दुसरे यंत्र वाचते, हा अनुभव आहे. उतरवलेली फाईल पेन ड्राइव्हवर द्यावी आणि शक्यतो दोन प्रती करायला सांगावे. चित्र मूळचेच लहान असल्याने ते मोठ्या टीव्हीवर धूसर दिसणार, हे पैसे घेण्याआधी सांगावे. "एचडी करून देतो" म्हणून जादा पैसे घेऊ नयेत. जे ठिपके मुळात नाहीत ते कोठून आणणार?

शेवटी अमानतीची बाब. या तबकड्यांत हळदीचे, मेंदीचे, जनानखान्यातले चित्रण असते. त्या काळी फोटोग्राफर घरचाच मानला जाई, म्हणून ते घेतले गेले. आज ते दुकानातल्या पोराच्या मोबाईलवर जाता कामा नये. काम गिऱ्हाइकासमोर करावे. ते शक्य नसेल तर पावतीवर तबकड्यांची संख्या लिहून द्यावी, आणि माल परत देताना आपल्या कॉम्प्युटरवरची प्रत गिऱ्हाइकाच्या देखत पुसून टाकावी.