पेवांतील श्वास

सोलापूर जिल्ह्यांत ज्यांचें आजोळ, त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं एक ताकीद ऐकलेली असेल: पेव उघडलें असतां त्याच्या तोंडाशीं वांकून पाहावयाचें नाहीं. मुलांना आंत भूत आहे म्हणून सांगत. थोर माणसें आंतला वारा वाईट असतो, इतकेंच म्हणत. हा वारा बंद पेवांत येतो तरी कोठून? याचा शोध घेऊं लागल्यास तो आपल्या स्वतःच्या देहांतील अगदीं मूळच्या व्यापाराशीं जाऊन भिडतो.

शहरांत वाढलेल्या वाचकांसाठीं पेवाचें थोडें वर्णन केलें पाहिजे. मंगळवेढ्याकडील काळ्या रानांतला शाळू माघ-फाल्गुनांत खळ्यावर येई. रोजच्या खाण्यापुरता दाणा घरीं कणगींत राही. उरलेला पेवांत जाई. गांवांतील उंच, निचऱ्याच्या जागीं तें खणलेलें असे. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढें, पोट मात्र खोलीएवढें. तळाशीं व भोंवतीं कडब्याचा आणि भुशाचा थर, वर फरशी, आणि तिच्या सांधी मातीनें लिंपलेल्या. एखाद्या गोष्टीचा एकाएकीं सुळसुळाट झाला म्हणजे आपण 'पेव फुटलें' म्हणतों, तें या पोटाकडे पाहूनच. दामाजीपंतांनीं दुष्काळांत बेदरच्या बादशहाचें धान्य लोकांना वांटल्याची कथा याच मंगळवेढ्याची. तें धान्य जमिनीवर होतें कीं जमिनींत, हा प्रश्न इतिहासज्ञांकडे सोपवूं.

आतां मुख्य गोष्ट ही कीं, पेवांत पडलेला दाणा मेलेला नसतो. त्याच्या एका कडेस अंकुर निजलेला असतो, आणि निजलेला प्राणी जसा श्वास घेतो तसा तोहि घेतो. नाकानें घ्यावयाचा तो श्वास केवळ दळणवळणाचा. खरा श्वास चालतो पेशींत. तेथें द्राक्षशर्करेचा एक रेणु प्रथम दोन तुकड्यांत फुटतो. या कामीं हवा लागत नाहीं, आणि मिळकतहि बेताचीच, अवघीं २ नाणीं. पेशींतील या चलनी नाण्यास एटीपी म्हणतात. १९२९ सालीं तें जर्मनींत लोमान यांनीं, आणि अमेरिकेंत फिस्के व आंध्रांतील येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीं शोधून काढलें; सोलापुरांतील तेलुगु विणकर मंडळींनीं अभिमान बाळगावा असें हें नांव. पुढें ते तुकडे तंतुकणिका नांवाच्या इवल्याशा भट्ट्यांत जातात. तेथें प्राणवायूच्या ६ रेणूंच्या साह्यानें त्यांचें पूर्ण ज्वलन होऊन कर्बवायूचे ६ रेणु व पाणी उरतें, आणि एकंदर मिळकत ३० ते ३२ नाण्यांवर जाते. (जुन्या पाठ्यपुस्तकांत ३८ हा आंकडा आढळेल, तो अलीकडील मोजणीस टिकला नाहीं.)

लिंपलेल्या पेवांत हा व्यवहार लक्षावधि दाणे एकदम करीत असतात. धान्यांतले किडेहि करीत असतात. हवेंत शेंकडा २१ असलेला प्राणवायु हळूहळू सरत जातो. तो अगदींच थोडा उरला म्हणजे किडे गुदमरून मरतात, आणि औषधावांचून धान्याचें रक्षण होतें. दाणा मात्र मरत नाहीं. तो २ नाण्यांवर गुजराण करूं लागतो. शर्करेचे तुकडे जाळतां येत नाहींत, म्हणून त्यांचें मद्यार्क व कर्बवायु होतो. हवेवांचून जगणारे सूक्ष्म जीव आहेत हें लुई पाश्चर यांनीं १८६१ सालीं दाखविलें. असे जीवहि पेवाच्या ओलसर कडेस आपलें काम करतात. पेवाच्या दाण्याच्या भाकरीस जो आंबूस वास येई, तो या सर्वांच्या कारभाराचा.

अशा जागीं माणूस उतरला म्हणजे काय होतें? आपल्या पायांच्या स्नायूंना हवेवांचून थोडा वेळ भागवितां येतें. गाडी गांठण्यासाठीं धांवतांना ते तेंच करतात, व त्यांत मद्यार्काऐवजीं दुग्धाम्ल होतें. मेंदूस मात्र ही सवलत नाहीं. कर्बवायु हवेच्या दीडपट जड, तेव्हां तो तळाशीं सांचून राहतो. दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपते, ओरडावयासहि अवसर मिळत नाहीं. वरच्यास वाटतें, गडी घसरून पडला. तो त्याला काढावयास उतरतो, आणि एकाचे दोन होतात. म्हणून तोंड दिवसभर उघडें ठेवीत, कंदील सोडून पाहात, आणि उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधीत. यांत दोर मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कंदील फक्त तो जेथें लोंबतो तेथलीच बातमी देतो. दाण्यांच्या फटींत दडलेला वायु उपसा सुरू झाल्यावर बाहेर पडतो.

पेवें आतां बहुतेक बुजलीं. सांगलीजवळ हरिपुरास हळदीचीं पुष्कळ पेवें होतीं, त्यांतील बरींच २००५ च्या महापुरांत गेलीं. पण मुरघासाचे खड्डे, मळीच्या टाक्या, मैल्याच्या टाक्या आज गांवोगांवीं आहेत. आंतला वारा तसाच वाईट, आणि कमरेस दोर मात्र क्वचितच दिसतो.

दाण्यालाहि २ नाण्यांवर जन्म काढतां येत नाहीं. महिने लोटले म्हणजे अंकुर आंतल्या आंत विझूं लागतो. तो दाणा दळावयास चालतो, पेरावयास चालत नाहीं. जुन्या घरांतून पेव भरावयाच्या आधींच बियाण्याचीं टपोरीं कणसें निवडून आढ्याला टांगीत, तीं वाऱ्यावर राहावींत म्हणून.