एम्प्रेस मिल : जुनी यंत्रे मोडीत काढणारी गिरणी

नागपूरच्या एका सावकाराने जमशेटजी टाटांना भांडवल नाकारले, ते जागा बघून. जुम्मा तलावाकडची पाणथळ जमीन भरावाने वर काढून तिथे गिरणी बांधायची म्हणजे सोने मातीत घालायचे, असे त्याचे म्हणणे. पुढे तोच म्हणाला म्हणे, की यांनी माती घातली आणि सोने काढले. टाटांच्या चरित्रकारांची ही लाडकी गोष्ट. त्यांच्या मते जागेची निवड हीच खरी दूरदृष्टी होती : कापूस वऱ्हाडातला, कोळसा वरोऱ्याचा, रेल्वे हाताशी. मला ते पुरेसे वाटत नाही. कापूस आणि रेल्वे गिरणीला टाळे लागले त्या दिवशीही तिथेच होती.

1 जानेवारी 1877 रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले गेले, म्हणून एम्प्रेस. कंपनीचे सेंट्रल इंडिया वगैरे लांबलचक नाव कागदावरच राहिले.

सुरुवात चांगली नव्हती. पैसे वाचवायला स्वस्तातली यंत्रे घेतली होती, सूत मनासारखे निघेना. टाटांनी ती बदलली. कारभार पाहायला बेझनजी दादाभाई मेहतांना आणले. ते रेल्वेच्या मालखात्यातले, गिरणीची माहिती शून्य. मग आले रिंग हे कताईचे नवे यंत्र. तोवर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा भरवसा म्यूल या जुन्या कताईयंत्रावर होता. म्यूलचा गाडा मागे सरकत धागा ताणतो, पीळ देतो आणि पुढे येताना तो गुंडाळतो. म्हणजे कातणे थांबून थांबून. रिंगमध्ये चातीभोवतीच्या कड्यावर एक बारीक आकडी पळते, पीळ बसतो आणि सूत त्याच वेळी गुंडाळले जाते. खंड नाही. इंग्लंडमधले गिरणीवाले तिच्याकडे संशयाने पाहत असताना, 1883च्या सुमारास नागपुरात तिचे प्रयोग चालले होते. चालती यंत्रे मोडीत काढायची हिंमत, हे या गिरणीचे खरे भांडवल होते.

कामगारांच्या बाबतीतही ती पुढे होती. हजेरीची बोंब असायची, माणसे टिकत नसत. त्यावर 1886 मध्ये पेन्शन निधी निघाला, 1895 मध्ये अपघाताच्या भरपाईचा. भरपाईचा कायदा व्हायला 1923 उजाडले. अर्थात यावरून गिरणीला माहेर समजू नये. कामगार पुढारी रा. स. रुईकरांच्या युनियनला नागपुरात संप करावे लागलेच. शिवाय त्या काळी कापड गिरण्यांच्या विणाई खात्यात दलितांना मज्जाव असे, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढायचा आणि एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याने कसा घ्यायचा! रिंगला जात कळत नव्हती, म्हणून ती माणसे कताईत. शहरातल्या दलित वस्त्यांचे जगणे गिरणीच्या भोंग्याशी किती बांधलेले होते, ते वसंत मून यांच्या ‘वस्ती’ या आत्मकथनात वाचावे.

स्वातंत्र्यानंतर सरकारने गिरण्यांच्या मागांची वाढ रोखून धरली. हातमाग जगावा हा हेतू, जगले यंत्रमाग. कर कमी, मजुरी कमी, युनियन नाही. गिऱ्हाईक टेरिकॉटकडे वळले. हे सगळे खरे असले तरी सगळ्याच गिरण्या त्यामुळे बुडाल्या नाहीत. ज्यांनी नवी यंत्रे घातली त्यांतल्या काही तरल्या. एम्प्रेसच्या एकाच्या पाच झालेल्या गिरण्या मात्र जुन्या यंत्रांवर रखडत राहिल्या आणि ज्या घराण्याने रिंग आणली त्याने 1986 मध्ये त्यांतून अंग काढून घेतले. राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने त्या चालवायला घेतल्या, पण महामंडळाकडे पैसा नव्हता आणि घाईही नव्हती. 2002 मध्ये कायमचे टाळे लागले.

दरम्यान नागपूरजवळच्या बुटीबोरीत पॉलिस्टरचा मोठा कारखाना उभा राहिला होता, त्याच नागपूरच्या रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या जोरावर. एम्प्रेसच्या जागेवर मॉल झाला, घरे झाली. मॉलचे नाव एम्प्रेस सिटी.