विश्लेषण : ध्रुवतारा दिसत नसला, तरी दुर्बीण ध्रुवाकडे कशी रोखायची?

पावसाळा सरला की मुंबई-पुण्याचे हौशी आकाशनिरीक्षक अमावास्येच्या आसपासचा शनिवार गाठून वांगणी, मुरबाडच्या दिशेने निघतात. वर्षभरात अशा रात्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मिळतात. त्यातलाही तास-दीड तास अनेकदा आकाश पाहण्यात नव्हे, तर माउंटचे बोल्ट पिळण्यात जातो. या खटाटोपाचे नाव ‘पोलर अलाइनमेंट’. ते आता बरेच सोपे झाले आहे.

हे करावेच का लागते?

पृथ्वी फिरते म्हणून तारे तासाला सुमारे १५ अंश पश्चिमेकडे सरकतात. विषुववृत्तीय माउंटचा मुख्य आस पृथ्वीच्या आसाला समांतर लावला, की एकच मोटर सावकाश फिरवून तारा जागच्या जागी धरता येतो. नुसती शनीची कडी किंवा चंद्रावरची विवरे पाहायची असतील, तर अंशभराची चूकही चालून जाते. फोटो काढायचे असतील, तर मात्र नाही.

ध्रुवताऱ्यावर रोखले की झाले?

नाही. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सध्या सुमारे ३८ कला दूर आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहून थोडे जास्तच. आस नेमका ध्रुवताऱ्यावर रोखला, तर तारा मिनिटाला १० विकलांपर्यंत सरकू शकतो. ५०० मिमी फोकल लेंथची दुर्बीण आणि ४ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा असेल, तर एका मिनिटाच्या फोटोत ताऱ्याऐवजी सहा पिक्सेलचा ओरखडा उमटेल. हीच चूक ५ कलांवर आणली, तर सरकणे मिनिटाला सव्वा विकलेच्या आसपास येते, म्हणजे एका पिक्सेलच्याही आत.

आपल्याकडेच जास्त त्रास का?

ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या ठिकाणचा अक्षांश. लंडनमध्ये ती ५१ अंश असते. मुंबईत १९, पुण्यात साडेअठरा आणि पणजीत साडेपंधरा. एवढ्या खाली धूळ असते, शहराचा उजेड असतो आणि बहुतेक गच्च्यांवरून समोरची इमारतही असते. पोलर स्कोपमधून पाहायचे, तर गुडघे टेकून मान वाकडी करावी लागते. बरीच मार्गदर्शक पुस्तके आणि व्हिडिओ युरोप-अमेरिकेतल्या उंच ध्रुवासाठी केलेले असतात, त्यामुळे या अडचणी त्यांत सहसा येत नाहीत. आस इतका आडवा झाला, की काही माउंटवर वजनाचा दांडा फिरताना तिपाईच्या पायाला अडतो. माउंट विकत घेण्याआधी तो किती कमी अक्षांशापर्यंत झुकतो, हे जरूर विचारावे.

कॅमेऱ्याने काय बदलले?

दुर्बिणीला लावलेला कॅमेरा आकाशाचा एक फोटो घेतो. सॉफ्टवेअर त्यातल्या ताऱ्यांची रचना नकाशाशी जुळवून दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे, हे ओळखते. मग माउंट मुख्य आसाभोवती थोडा फिरवून दुसरा आणि तिसरा फोटो. या तीन जागांवरून माउंटचा आस कुठे आहे, हे गणिताने निघते आणि खऱ्या ध्रुवापासूनचे अंतर स्क्रीनवर येते. त्यासाठी ध्रुवतारा दिसण्याची गरज नाही. आकाशाचा एखादा मोकळा तुकडा पुरतो. विंडोज लॅपटॉपवर ‘नीना’ हे मोफत सॉफ्टवेअर आणि त्याचे तीन बिंदूंच्या अलाइनमेंटचे प्लगइन हेच करते. फोनवरून चालणाऱ्या ‘एएसआय एअर’मध्येही ही सोय आहे.

यानंतरचे काम हाताचे, आणि चुका इथेच होतात. दुर्बीण, कॅमेरा, वजन असे सगळे सामान चढवून झाल्यावरच अलाइनमेंट करावी; आधी केली, तर भार बदलून ती बिघडते. डाव्या-उजव्या बोल्टपैकी एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळू नये. उंचीचा शेवटचा फेरा नेहमी वर उचलणारा असावा, म्हणजे माउंट स्वतःच्या वजनाने खाली बसत नाही. आकडा ३-४ कलांवर आला की थांबावे. शून्याच्या मागे लागून अमावास्या घालवण्यात अर्थ नाही. पुण्याच्या ध्रुवाच्या उंचीवर तर वातावरणातून वाकणारा प्रकाशच दिसणारी जागा जवळपास ३ कलांनी वर ढकलतो.

लॅपटॉप नसेल तर?

जुनी ‘ड्रिफ्ट’ पद्धत आजही चालते, फक्त वेळ जास्त लागतो. हिवाळ्यात मृग नक्षत्रातल्या बाणाचे तीन तारे सोयीचे, कारण ते खगोलीय विषुववृत्ताजवळ आहेत. दक्षिणेकडे डोक्यावरून जाणाऱ्या मध्यमंडलाजवळ आलेला तारा मोटर चालू असताना दक्षिणेला सरकला, तर आस पूर्वेकडे झुकला आहे; उत्तरेला सरकला, तर पश्चिमेकडे. मग पूर्वेला उगवून थोडा वर आलेला, विषुववृत्ताजवळचाच दुसरा तारा घ्यावा. तो दक्षिणेला सरकला तर आस खाली आहे, उत्तरेला सरकला तर वर.

सुरुवातीची उत्तर फोनच्या होकायंत्रावरून घेता येते. महाराष्ट्रात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक एका अंशाहूनही कमी आहे. मात्र फोन लोखंडी तिपाईपासून दूर धरावा. एकदा गच्चीवर नीट अलाइनमेंट झाली, की तिपाईच्या तिन्ही पायांखाली रंगाने खुणा करून ठेवाव्यात. पुढच्या वेळी तिपाई त्याच खुणांवर ठेवली, की बोल्टना थोडाच हात लावावा लागतो. रंग लावण्यापूर्वी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलेले बरे.