दिशा घाईत सापडत नाही

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो, आर्ट्स, कॉमर्स की सायन्स? अर्ज ठरलेल्या मुदतीत भरावाच लागतो. पण म्हणून आयुष्याची दिशाही त्याच आठवड्यात ठरली पाहिजे, असं थोडंच आहे?

पक्षितज्ज्ञ सालिम अलींचं उदाहरण बघा. त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. लहानपणी त्यांच्या हाती गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक चिमणी आली. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. पक्ष्यांची गोडी लागली ती तिथे. पण पुढची वाट काही सरळ नव्हती. कॉलेज अर्धवट सुटलं. ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात काही वर्षं गेली. परत येऊन त्यांनी हिशेब आणि व्यापारी कायदा शिकला, सोबत प्राणिशास्त्रही शिकले. १९२६ मध्ये मुंबईच्या संग्रहालयात नोकरी लागली. नंतर बर्लिनला जाऊन ते पक्षिशास्त्र शिकून आले, तर इकडे नोकरीच राहिली नव्हती!

मग ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते तासन्‌तास निरीक्षण करत बसले. नर घरटं अर्धं विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग नर ते पूर्ण करतो आणि दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी टिपून ठेवलं. या अभ्यासाने त्यांचं नाव झालं. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं, तेव्हा ते पंचेचाळिशीत होते.

यातून आपण काय घ्यायचं? सावकाश म्हणजे नुसतं थांबून राहणं नव्हे. एखादा प्रश्न धरून त्याच्या मागे लागणं.

तुम्हीही करून बघा. एक वही घ्या. कोणी न सांगता आपण काय वाचतो, काय उघडून-जोडून बघतो, कुठे वेळेचं भान राहत नाही, ते महिनाभर लिहा. त्यातला एक विषय निवडून सहा महिने सोडू नका. कंटाळा आल्यावरही तो पुन्हा हातात घ्यावासा वाटतो का, ते तपासा. ज्यात मार्क जास्त तीच आवड, असं धरून चालू नका.

आणि पालकांनो, शाखा निवडायला मुलांना जरूर मदत करा. पण "तू पुढे काय होणार?" असं रोज विचारण्यापेक्षा "आज काय नवीन दिसलं?" असं विचारून बघा. या प्रश्नाचं उत्तर मुलांकडे नक्की असतं.