टेबलापर्यंत पोचल्यावर

२००५च्या एप्रिलमध्ये जननी सुरक्षा योजना आली, तेव्हा सगळा जोर एकाच गोष्टीवर होता: बाळंतपण घरी नको, दवाखान्यात व्हावं. त्यासाठी बाईच्या हातात पैसे, सोबतीला आशाताई. पुढे २०११मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने औषधं, सिझेरियन, जेवण, गाडी सगळंच मोफत केलं. २००५-०६ साली देशातली शंभरातली जेमतेम ३९ बाळंतपणं दवाखान्यात होत. २०१९-२१च्या पाहणीत ती ८९ झाली, महाराष्ट्रात तर ९५च्या घरात. मातामृत्यूही घटले. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण टेबलापर्यंत पोचलेल्या बाईचं पुढे काय झालं, हे कुठल्याच रजिस्टरात येत नव्हतं. एका खोलीत ओळीने टेबलं, मध्ये पडदा नाही, आई किंवा सासू दाराबाहेर. कळ आली आणि बाई ओरडली की, ‘आता कशाला बोंबलतेस? नवऱ्यापाशी जाताना नाही सुचलं?’ त्यावरही ऐकलं नाही तर मांडीवर चापट. तिसरं-चौथं मूल असेल तर ‘अजून किती?’ हेही ऐकायचं. शेवटी मावशी बाळ दाखवणार ती हात पुढे करूनच, आणि मुलगा असला तर दर वाढलेला. रात्रपाळीला एकच सिस्टर असते, हे खरं. पण मनुष्यबळ कमी म्हणून टोमणे निघतात, हे काही मला पटत नाही. ते कोणाला मारायचे, हे बाईची जात, कपडे आणि बोली बघून ठरतं.

या वागण्याला ‘गैरवर्तन’ म्हणायलाही वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४मध्ये त्यावर निवेदन काढलं. २०१६मध्ये आपल्या केंद्र सरकारने लेबर रूममध्ये सोबतीण चालेल असं सांगितलं: शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली नात्यातली बाई. नवऱ्याला मात्र पुरेसा आडोसा असेल तिथेच. म्हणजे गाडी पुन्हा पडद्यापाशीच अडली. २०१७च्या डिसेंबरमध्ये ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला आणि पडदे, सन्मानाची वागणूक, बाळंत होताना कसं बसायचं-झोपायचं याची मुभा हे सगळं तपासणीच्या यादीत गेलं. कोविडच्या काळात बऱ्याच ठिकाणी सोबतीणीची रवानगी परत दाराबाहेर झाली.

पडदा तपासणाऱ्याला दिसतो, टोमणा दिसत नाही. तो कळावा म्हणून घरी सोडताना बाईला विचारतात. कडेला सिस्टर उभी, टाके ओढताहेत, गाडी खोळंबलेली. अशा वेळी ‘सगळं चांगलं होतं’ याशिवाय ती काय सांगणार? विचारायचंच तर दीड महिन्याच्या लसीला ती अंगणवाडीत येते तेव्हा विचारावं, आणि दवाखान्याच्या पगारपत्रकावर नसलेल्या कुणीतरी विचारावं.